पूजेची सुपारी

हेमावहिनींची सही शुभ असते, हे पांगारकरांच्या घरात कुणी कधी तपासून पाहिलं नव्हतं. एकोणीसशे एकाहत्तर साली धायरीच्या शेडला वीज मिळावी म्हणून बद्रीनाथनं तीनदा अर्ज केला आणि तो तीनदा परत आला. चौथ्या खेपेला त्यानं वैतागून बायकोची सही घेतली आणि आठ दिवसांत तारा ओढल्या गेल्या. पुरावा म्हणाल तर एवढाच! पण तेव्हापासून कारखान्याचा प्रत्येक महत्त्वाचा कागद आधी वहिनींपुढे यायला लागला. धाकटा दीर श्यामसुंदर सहीच्या जागी पेन्सिलीनं बारीक फुली करून आणायचा. वहिनी पदराला हात पुसून फुलीवर सही करायच्या आणि विचारायच्या, "चहा टाकू का, भाऊजी?" कागदात काय लिहिलंय, हे त्यांनी विचारलं नाही आणि कुणी आपण होऊन सांगितलंही नाही.

बद्रीनाथ गेल्यावर त्या डायरेक्टर झाल्या. पुढे कायद्यासाठी कुणातरी एका डायरेक्टरचं नाव कारखान्याचा भोगवटादार म्हणून द्यावं लागलं. भोगवटादार म्हणजे कारखान्यात काही वाईट घडलं तर सरकारनं ज्याची मान धरायची तो माणूस. तेव्हा सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, वहिनींचं नाव घाला, शुभ आहे. प्रेमानं माणूस किती गाढवपणा करू शकतो, याचा हा उत्तम नमुना.

ती मान सरकारनं आता धरली होती. सन दोन हजारचा फेब्रुवारी चालू होता. मंगळवारी शिवाजीनगर कोर्टात तारीख होती आणि आरोपी नंबर एक होत्या श्रीमती हेमा बद्रीनाथ पांगारकर, वय वर्षं साठ, राहणार कर्वेनगर.

म्हणून रविवारी सकाळी अकरा वाजता श्यामसुंदर प्लास्टिकची फाईल काखेत धरून वहिनींच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचे जिने चढत होता. मागून बायको कौशल्या आणि मुलगी श्रद्धा.

"फुली केलीत का?" कौशल्यानं विचारलं.

"केली."

"बरं केलंत. तेवढीच एक गोष्ट आपल्याकडे वेळेवर होते."

श्यामसुंदर पुढची पायरी चढला. कौशल्या शनिवार पेठेतली होती. तिच्याशी जिन्यात वाद घातला तर वर पोचेपर्यंत हरायला होतं, हे त्याला सव्वीस वर्षांच्या संसारात कळलं होतं. शिवाय आज त्याचं त्यालाच बरं वाटत नव्हतं. अठराव्या वर्षी अकोल्याहून एक ट्रंक घेऊन तो भावाकडे आला, तेव्हा याच वहिनीनं त्याला पहिल्या दिवशी विचारलं होतं, "भाकरी किती खातोस? लाजू नको, खरं सांग." तो "दोन" म्हणाला होता आणि तिनं चार वाढल्या होत्या. तिच्याकडून आज गुन्हा कबूल असल्याच्या कागदावर सही घ्यायची होती.

दार दिग्विजयनं उघडलं. हेमावहिनींचा हा एकुलता एक मुलगा तेहतीस वर्षांचा होता आणि गेली सहा वर्षं कारखाना खऱ्या अर्थानं तोच चालवत होता. स्कूटरचे पत्रे बनवणं बंद करून कॉम्प्युटरचे कॅबिनेट बनवायची कल्पना त्याची. हिंजवडीत इमारती उठायला लागल्या तशा ऑर्डरीही वाढल्या आणि धायरीच्या शेडमध्ये तीन पाळ्या सुरू झाल्या. आज मात्र साहेबांची दाढी वाढली होती.

"वकील काय म्हणाले, काका?"

"आत तर येऊ दे."

स्वयंपाकघरातून मटारभाताचा वास येत होता. वहिनी पदर खोचून बाहेर आल्या. "या गं. श्रद्धा, किती वाळलीस! त्या कंपनीत जेवायला देतात का नुसतंच कॉम्प्युटरकडे बघायला बसवतात?"

"टेस्टिंग करते, मोठी आई. लोकांनी केलेल्या चुका शोधायच्या."

"त्याचा पगार देतात?" कौशल्या म्हणाली. "मी इतकी वर्षं फुकट करतेय."

सगळे हसले. दिग्विजय सोडून.

श्यामसुंदरनं वकिलांचा सल्ला सांगितला. मुद्दा सरळ होता. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी पत्रा दाबायच्या मोठ्या प्रेसवर काम करताना शहाबाजच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. शहाबाज बावीस वर्षांचा, फोरमन शमशुद्दीन अत्तारांचा मुलगा. कारखाने निरीक्षकानं खटला भरला. आता कंपनीनं गुन्हा कबूल करायचा, भोगवटादार म्हणून वहिनींनीही करायचा. साठ वर्षांची विधवा बाई, मागे एकही गुन्हा नाही. न्यायाधीश दंड करतील आणि फार तर म्हणतील, कोर्ट उठेपर्यंत बसून राहा. संध्याकाळी घरी.

"आणि माझं?" दिग्विजयनं विचारलं.

"तुझं नाव येतच नाही. बंगळुरूच्या कंपनीच्या फॉर्मात विचारलंय ना, कारखाना चालवणाऱ्यावर कधी खटला झालाय का? तर नाही झालेला. मोठी ऑर्डर हातची जात नाही." श्यामसुंदरनं फाईल उघडली. "वहिनी, इथं सही करा. कंपनी दंड भरेल, विषय मिटेल."

"कंपनीला दंड झाला की कंपनीचं नेमकं कुठं दुखतं हो?" कौशल्यानं विचारलं.

"तू जरा गप्प बस."

"बसते की. मला काय, मीही डायरेक्टरच आहे. गप्प बसायचीच नेमणूक आहे माझी."

हेमावहिनींनी चष्मा लावला. पेन हातात घेतलं. फुली दिसत होती, दर वेळी असायची तशीच, उजवीकडे खाली. दवाखान्यात शहाबाजसाठी त्या बारा दिवस डबा घेऊन गेल्या होत्या. बाराही दिवस त्या पोरानं एकच सांगितलं होतं, "काकू, तुम्ही रडू नका, माझाच हात चुकला." त्यांना ते खरं वाटलं होतं. मशीनवर अपघात होतात, एवढंच त्यांना माहीत होतं. पण 'गुन्हा कबूल' हे शब्द त्यांच्या मनातून जात नव्हते.

"भाऊजी, ते न्यायाधीश मला विचारतील ना, गुन्हा कबूल आहे का?"

"हो. तुम्ही फक्त हो म्हणायचं."

"काहून? कुठला गुन्हा, ते तरी मला कळू द्या. उद्या यमानं विचारलं तर काय सांगू, फुली होती म्हणून सही केली?"

वहिनींची वऱ्हाडी चिडल्याशिवाय बाहेर यायची नाही. श्यामसुंदर सावध झाला. "अहो, तांत्रिक भाषा आहे सगळी."

"मग श्रद्धा वाचेल. तिला तांत्रिकच कळतं."

"आई, कशाला?" दिग्विजय एकदम म्हणाला. आवाज चढला होता. "करून टाक ना सही. जेवू या."

श्रद्धानं चुलतभावाकडे पाहिलं. लहानपणी पतंग फाडला की तो असाच जेवणाचा विषय काढायचा. तिनं बाबांच्या हातातून फाईल सरळ काढून घेतली आणि निरीक्षकाचा अहवाल मोठ्यानं वाचायला लागली. मध्ये मध्ये ती सोप्या भाषेत सांगत होती. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. म्हणजे प्रेस खाली येताना कामगाराचे दोन्ही हात बाहेरच असतात.

"चांगली युक्ती आहे," वहिनी म्हणाल्या. "मग शहाबाजचा हात आत कसा गेला?"

श्रद्धानं पुढची ओळ वाचली. तिचा आवाज हळू झाला. "डाव्या बटणाच्या कड्यात सुपारी ठोकून ते बटण कायम दाबलेल्या स्थितीत ठेवण्यात आलं होतं. त्यामुळे कामगाराचा डावा हात मोकळा राहून कामाचा वेग वाढत होता. सदर सुपारीवर हळद व कुंकू आढळले."

कुकरची शिट्टी झाली. उठलं कुणीच नाही.

"ती सुपारी मी पाहिली होती," हेमावहिनी म्हणाल्या.

"वहिनी, थांबा."

"खंडेनवमीला. दर वर्षी मी सगळ्या मशीनना हळदकुंकू लावते, झेंडू वाहते. मोठ्या प्रेसजवळ आले तर बटणात सुपारी बसवलेली. मला वाटलं, कुणीतरी भक्तीनं पूजेची ठेवलीय. इतकं बरं वाटलं मला! मी तिला हळदकुंकू लावलं, भाऊजी. नमस्कार केला मी तिला." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि तुम्ही मला म्हणताय, काही न विचारता नुसतं हो म्हणा."

कौशल्या उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. पाठीवर हात ठेवला. तिला जावेचा कधी हेवा वाटला नव्हता असं नाही. शुभ सही, पहिला मान, पहिली साडी, सगळं यांचंच. पण या क्षणी तिला नवऱ्याचा भयंकर राग आला होता. तो तिनं राखून ठेवला नाही.

"अहो, हा अहवाल तुम्ही वाचला होतात ना?"

"वाचला होता."

"आणि तरी फुली केलीत."

श्यामसुंदरनं कपाळ चोळलं. "कौशल्या, दुसरा मार्ग आहे, पण तो मला नको वाटतो. कायद्यात सोय आहे. भोगवटादाराला कोर्टात सांगता येतं की खरा दोषी दुसराच आहे, आणि त्याला पुढं उभं करता येतं. वकील म्हणाले, फोरमनचं नाव द्या. मशीनची जबाबदारी त्याची. मग वहिनी सुटतात."

"शमशुद्दीनभाईंचं?" श्रद्धा ओरडलीच. "बाबा, त्यांच्याच मुलाची बोटं गेलीत!"

"मी म्हटलं ना, मला नको वाटतं म्हणून!"

"नुसतं नको वाटून काय उपयोग? तोंडातून तर काढलंत," कौशल्या म्हणाली.

त्याच वेळी बेल वाजली. वहिनींनी डोळे पुसले. "तेच असतील. जेवायला बोलावलंय मी त्यांना."

श्यामसुंदरनं छताकडे पाहिलं. इतकी वर्षं या बाईनं कारखान्यातला एकही निर्णय घेतला नव्हता, आणि आज घेतला तो हा.

शमशुद्दीन अत्तार आत आले. साठीला टेकलेला सडसडीत माणूस, पांढरा शर्ट, खिशाला मायक्रोमीटर लावायची सवय रविवारीही न सुटलेली. धायरीची शेड उभी राहिली तेव्हा बद्रीनाथबरोबर पत्रे चढवायला हेच होते. हातात लोणच्याची बरणी होती. "मेहरुननं दिलंय, भाभी. लिंबाचं. तुम्हाला आवडतं म्हणून."

"बसा, शमशुद्दीनभाई. शहाबाज कसा आहे?"

"बरा आहे. परवापासून कॉम्प्युटरच्या क्लासला जातो, वारज्याला. आठ बोटांनी टाईप करतो. म्हणतो, अब्बा, दहावाल्यांपेक्षा फास्ट करीन." ते हसले. कुणालाच हसू येईना, तेव्हा त्यांनी एकेकाचे चेहरे पाहिले, मग टीपॉयवरचा अहवाल. "अच्छा. सुपारीचं कळलं वाटतं भाभींना."

"तुम्हाला माहीत होतं?" वहिनींनी विचारलं.

दिग्विजय खिडकीपाशी उभा होता. आता नाव येणार, त्याला वाटलं. कामगारांसमोर, घाईच्या ऑर्डरच्या आठवड्यात, त्यानं स्वतःच्या हातानं ती सुपारी हातोडीनं ठोकली होती. 'चार दिवसांचा प्रश्न आहे, चाचा,' असं तो म्हणाला होता. लहानपणी ज्या माणसानं त्याला कानस धरायला शिकवलं, त्याच्याशी तो त्या दिवशी साहेबासारखा बोलला होता.

शमशुद्दीननी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माहीत होतं, भाभी. मला ते पसंत नव्हतं. रोज पाळी संपली की मी ती सुपारी पक्कडीनं काढून टाकायचो. सकाळी परत कुणीतरी नवी लावायचं. मी परत काढायचो. खंडेनवमीपर्यंत असंच चाललं."

"मग नंतर?"

त्यांनी बरणी मांडीवर घेतली. "नंतर तुम्ही तिला कुंकू लावलं ना. मी मागंच उभा होतो. तुम्ही हात जोडले. मग ती पूजेची वस्तू झाली. मी मुसलमान माणूस, ती पक्कडीत धरून कचऱ्यात कशी टाकू? बद्रीभाऊंची बायको नमस्कार करते त्या गोष्टीला? मी ठरवलं, दसरा होऊ दे, फुलं उतरतील तेव्हा भाभींना विचारून काढू. चार दिवस मी तिला हात नाही लावला." त्यांनी बरणीचं झाकण उगाच घट्ट केलं. "चूक माझीच आहे. वकीलसाहेबांना सांगा, फोरमनचं नाव लिहा म्हणावं. मी येतो मंगळवारी."

हेमावहिनींनी तोंडाला पदर लावला. खोलीत एवढी माणसं होती आणि सगळ्यांनाच रडू येत होतं, पण आधी रडायला कुणी तयार नव्हतं. शेवटी कौशल्याच रडली. शनिवार पेठेतल्या बाईला असं सगळ्यांसमोर रडताना त्या घरानं पहिल्यांदाच पाहिलं.

दिग्विजयला ते सोसवेना. चाचा ओरडले असते, शिव्या दिल्या असत्या, तर त्यानं उत्तरं तयार ठेवली होती. ऑर्डर, मुदत, पन्नास घरांच्या चुली, सगळं पाठ होतं. पण हा माणूस त्याला वाचवत होता. आईही वाचवणार होती. काकाही. त्याला इतकी लाज वाटली की दोन पावलं चालून खुर्चीपर्यंत येणंही अवघड झालं.

"सुपारी मी ठोकली, आई," तो म्हणाला. "पहिली मीच ठोकली. नंतर रोज लावायला सांगत होतो तोही मीच. चाचांनी मला दोनदा बजावलं होतं. मी त्यांना म्हटलं, तुमचं काम करा."

"दिगू!" श्यामसुंदर उभा राहिला. "विचार करून बोल. हे एकदा बाहेर गेलं की मागं घेता येत नाही. तुला कैद होऊ शकते. बंगळुरूची ऑर्डर गेलीच समज. दादांना मी शब्द दिला होता, पोराला सांभाळीन म्हणून."

"सांभाळलंत की, काका. इतकं सांभाळलंत की माझ्या जागी आईला कोर्टात पाठवायला निघालो आपण."

श्यामसुंदर खाली बसला. तो म्हणाला, "खरं आहे." आणि मग आणखी हळू आवाजात, "वहिनी, मला माफ करा."

"तुम्हाला किती वेळा माफ करायचं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "एकदाच काय ते सांगा, म्हणजे जेवायला बसता येईल." आणि त्यांनी दिराच्या हातावर हात ठेवला.

मुलाकडे मात्र त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. पोटच्या पोराचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता, आणि त्याच वेळी त्याची दाढी वाढलेली पाहून त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. त्यांनी दोन्ही आवरलं. "श्रद्धा, कोरा कागद दे त्याला. तू सांगू नकोस काय लिहायचं. त्याचं तो लिहील."

दिग्विजयनं लिहिलं. खाडाखोड झाली, दुसरा कागद घेतला. शमशुद्दीन म्हणत राहिले, "राहू दे बेटा, राहू दे." कौशल्यानं त्यांना पाणी दिलं आणि गप्प बसवलं. दिग्विजयनं सही केली आणि कागद आईपुढं ठेवला. श्यामसुंदरनं सवयीनं खिशातून पेन्सिल काढली, कागदाच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत नेली, आणि मग ती परत खिशात ठेवली.

"मी आधी वाचणार आहे," हेमावहिनी म्हणाल्या. "वेळ लागेल. भात निवला तरी चालेल."

त्या ओळीखाली बोट धरून वाचायला लागल्या. मध्येच थांबायच्या, परत मागे जायच्या. सगळे बसून राहिले. भात खरंच निवला. दुसऱ्या परिच्छेदाशी बोट अडलं.

"हे काय लिहिलंस? 'एका कामगाराची दोन बोटं गेली.' एका कामगाराची?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्याला नाव नाही का? मंगळवारी तू ज्यासाठी उभा राहणार आहेस, त्याचं नाव आधी लिही."

दिग्विजयनं कागद ओढून घेतला. ते शब्द खोडले आणि वर लिहिलं, शहाबाज शमशुद्दीन अत्तार. शमशुद्दीननी ते नाव वाचलं आणि पहिल्यांदाच रुमाल काढला.

मग वहिनींनी पेन घेतलं. मुलाच्या सहीखाली, स्वतःच जागा शोधून, त्यांनी सही केली. त्यांची सही कुणाच्या तरी नंतर होण्याची ही पहिलीच वेळ. कागद श्रद्धाकडे देऊन त्या उठल्या, भाताचं पातेलं परत गॅसवर ठेवलं, आणि तिथूनच त्यांनी विचारलं, "मंगळवारी किती वाजता निघायचं?"

"आई, तुझं नाव आता निघेल बहुतेक. तू कशाला?"

"निघो न निघो. सुपारी पाहूनही मी विचारलं नाही, तेवढं माझं आहे, ते मी सांगणार," त्या म्हणाल्या. "शिवाय तू आत उभा असलास तर कोर्ट उठेपर्यंत बाहेर बसायला कुणीतरी हवंच की. दिगू, आधी दाढी कर. मग पानं घे."